मिरजेहून आणलेलं उत्तर

मालन गेली त्याच्या आदल्या दिवशी त्या घरात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. पुढं हेमलतानं तो दिवस अनेकदा उकरून पाहिला, पण हाती लागायच्या त्या पावट्याच्या शेंगा, आणि चुलीच्या धुरात डोळे बारीक करून बसलेली आई.

जानेवारी महिना होता. कृष्णाकाठचा ऊस तुटत होता आणि गावाच्या रस्त्यावर कारखान्याकडं गेलेल्या गाड्यांमागं वाढे, उसाचे हिरवे शेंडे, सांडलेले होते. हेमलताला सकाळची कऱ्हाडची एसटी गाठायची होती. कऱ्हाडच्या एका वाचनालयात ती पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करायची. बाविशी उलटली होती, तरी उंची दहा वर्षांच्या पोरीपेक्षा फार नव्हती. त्या एसटीवर नवा कंडक्टर आला की अजून तिचं अर्धं तिकीट फाडायचा, मग चेहऱ्याकडं बघून ओशाळायचा. वाचनालयात वरच्या फळ्यांसाठी तिनं एक स्टूल ठेवलं होतं आणि त्याचं तिला आता काही वाटत नव्हतं.

त्या दिवशी तिची पाळी होती, दुसरा दिवस. आळीतल्या दुसऱ्या कुठल्याही घरात अशी बाई मागच्या दाराशी पोत्यावर बसलेली असती आणि तिचं ताट लांबून सरकवलं गेलं असतं. मालन स्वतःसुद्धा तिच्या दिवसांत तसंच बसत आली होती. पण लेकीला ती चुलीपुढून, मागं न बघता म्हणाली, "दिवा लाव देवापुढं, आन् मग जा."

हेमलतानं दिवा लावला. ती तो लावत असताना मालन देव्हाऱ्याकडं पाठ करून फुंकणीनं चूल फुंकत राहिली. लेकीच्या त्या दिवसांत ती नेहमी असंच करायची. दिवा लाव म्हणायची, आणि लावलेला बघायची नाही. दोघींमध्ये हे सात-आठ वर्षं चाललं होतं आणि त्यावर एक शब्द बोलणं झालं नव्हतं.

संध्याकाळी हेमलता परत आली तेव्हा आई सोप्यात पावटा सोलत होती. तीही शेजारी बसली. नाना, म्हणजे तिचे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, खाटेवर बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. मालन मधूनमधून डावा दंड चोळत होती. गॅस झालाय, म्हणाली. सकाळी सोडा घेतला होता, पुन्हा घेते म्हणाली. मग सालपटं पाटीत टाकत म्हणाली, "साळूवन्सं यायच्या म्हणत हुत्या. आल्या तर..." तेवढ्यात नानांनी चहा मागितला आणि ती उठली. ते वाक्य तसंच राहिलं. हेमलतानंही ते पुढं ओढलं नाही. त्या घरात अर्धी राहिलेली वाक्यं कुणी उचलत नसे.

दुसऱ्या दिवशी उजाडता मालन गोठ्यात बादलीसकट खाली बसली ती उठली नाही. कुणाची तरी जीप मिळाली. कऱ्हाडचा पूल यायच्या आधी सगळं आटोपलं होतं. हेमलताच्या मांडीवर आईचं डोकं होतं आणि तिला एकच गोष्ट कळत होती, की ते डोकं एवढं जड कधीच नव्हतं.

साळूआत्या, नानांची थोरली बहीण, दुपारपर्यंत आली. कवठे महांकाळजवळच्या तिच्या गावाहून इकडं यायचं म्हणजे दोन एसट्या बदलाव्या लागत, तरी ती माती द्यायच्या आत पोचली. तिनंच भावजयीला अंघोळ घातली, मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं. हेमलताला पोटाशी धरून ती अशी रडली की आळीतल्या बायकांनाही हुंदके आवरेनात. पुढं रोज संध्याकाळी कुणा ना कुणा पाहुण्याकडून कडू घास, दुखवट्याच्या घरी धाडायचं जेवण, यायचा. तो वाढून घेणं, हेमलताला जबरदस्तीनं दोन घास भरवणं, तिचे केस विंचरून देणं, सगळं आत्यानं केलं. हे सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात साळूआत्या वाईट होती असं कुणाला वाटायला नको.

हेमलता हे नाव आत्यानंच ठेवलेलं. बारशाला पोरीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ते सांगून झाल्यावर साळूआत्यानं भरल्या बायकांत, मोठ्यानं म्हटलं होतं, "पोरगी माझी. माझ्या संपतला मागितली." नाना रजेवर आलेले. दारात उभे होते, तिथूनच म्हणाले, "दिली, आक्का." संपत तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल, घुगऱ्या खात बसला होता. यात नवल वाटावं असं कुणाला काही वाटलं नाही. या मुलखात मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. जन्मल्या दिवशी सोयरीक ठरली की आईबाप सुटले, असं लोक म्हणत. मालन पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारतील असं तिलाही वाटलं नसावं.

मग दर दिवाळीला आत्याकडून परकर-पोलक्याचं कापड यायला लागलं. गावातल्या त्याच वयाच्या पोरींच्या अंगावरून आत्या अंदाज घ्यायची. पहिली काही वर्षं अंदाज बरोबर यायचा. नंतर कापड उरायला लागलं. एक वर्ष असं आलं की मालननं त्यात हेमलताचा परकर शिवून शिवाय उशीला खोळ शिवली. शाळेत प्रार्थनेला उभं करताना बाई तिला ओळीत सगळ्यात पुढं घ्यायच्या. नववीत गेली तरी ती पुढंच. वर्गातल्या पोरी एकेक करून चार-पाच दिवस शाळेला यायच्या नाहीत, मग आल्या की त्यांच्या चालण्यात फरक पडलेला असायचा. कुणाची ओटी भरली, कुणाला साडी नेसवली, असं कानावर यायचं. हेमलताला काही झालं नाही.

ठरलेलं असं होतं, की पोरगी शहाणी झाली, पाळी आली, की लगीन. संपत बावीस वर्षांचा झाला होता, कारखान्याला ट्रॅक्टर घालत होता. आत्याच्या जिवाला घोर लागला. तिच्या गावातल्या सोनाराच्या पोरीला म्हणे मिरजेला नेलं होतं. तिथं मुंबईहून एक डॉक्टर येतात. सुई देऊन अंगातलं विचारतात, पोर शहाणी होणार का न्हाई, झाली तर कवा, सगळं सांगतात. नाना तेव्हा राजस्थानात होते. त्यांनी निरोप धाडला, आक्का म्हणती तसं करा.

मिरजेला हेमलता दोनदा गेली. पहिल्यांदा आई आणि ती, दोघीच. डॉक्टरांनी पडद्याआड तिला तपासलं. हात गार होते आणि ते छताकडं बघत तपासत होते, हे तिला तेव्हा बरं वाटलं. डाव्या हाताच्या पंजाचा फोटो काढला. मग हातात सुई टोचून ती चिकटपट्टीनं तशीच बसवली, रक्त घेतलं, त्याच सुईतून औषध सोडलं, आणि थोड्या थोड्या वेळानं नर्स येऊन पुन्हा रक्त घेत राहिली. त्या नळ्या बर्फ घातलेल्या थर्मासात जात होत्या. रात्रीच्या गाडीनं त्या मुंबईला जाणार होत्या. खाटेशेजारी स्टुलावर बसलेली आई दर वेळी रक्त भरताना बघायची आणि शेवटी नर्सला म्हणाली, "आवं बाई, एवढ्याशा जिवात रगत किती असंल?" नर्स हसली. म्हणाली, मावशी, पावशेर बीट खाऊ घाला, भरून येईल. मालनही हसली. त्या दिवशी दोघी एसटी स्टँडावर उसाचा रस प्यायल्या. हेमलताला तो दिवस जवळजवळ चांगलाच आठवायचा.

दुसऱ्यांदा, उत्तर घ्यायला, आत्याही आली. आईशिवाय कुणी आत यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळं ती बाहेर, आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. आत पुन्हा तपासणी झाली. हेमलता पडद्याआड पोलक्याच्या गुंड्या लावत होती तेव्हा पलीकडं डॉक्टर आईशी बोलायला लागले. ते मराठी सावकाश, समजावून बोलायचे.

ते म्हणाले, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. मूल मोठं व्हायची वेळ आली की ती खाली हुकूम धाडते. तुमच्या मुलीची अजून झोपलेली दिसत होती. झोपलीये की मुळातच काम करत नाही, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून औषध देऊन आम्ही तिला हाक मारली. ओ आली. चांगली आली.

"म्हंजी?" मालननं विचारलं.

म्हणजे होईल, डॉक्टर म्हणाले. औषधपाण्याची गरज नाही. वर्षाच्या आत पाळी सुरू होईल. हाडंही वयाच्या मागं आहेत, तीसुद्धा तेच सांगतात. उंची मात्र फार होणार नाही, थोडी वाढेल.

मग आईनं विचारलं, "आन् बाळतपण?"

हेमलताची शेवटची गुंडी राहिली होती. ती पडद्याआड तशीच उभी राहिली. तिला डॉक्टरांच्या खुर्चीचा आवाज आला. ते म्हणाले, "अंग फार लहान आहे, बाई. वीस वर्षांपर्यंत लग्नाचं नावसुद्धा काढू नका. घाई केलीत तर मूल जाईल, नाहीतर ही जाईल."

मालनचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं, शहाणी व्हायच्या आधीच. हेमलताच्या अगोदर दोन मुलं जन्मताच गेली होती. ती ओढ्याकडच्या बांधाला बाभळीखाली पुरलेली. त्या बांधावरून मालन कधी जायची नाही, लांबून वळसा घालायची. ही गोष्ट हेमलताला कुणी सांगितली नव्हती. वळसा पडायचा तेव्हा तीही आईबरोबर वळायची, एवढंच.

दोघी बाहेर आल्या. त्या लांब ओसरीत आईनं तिचं मनगट धरलं, जिथं मागच्या खेपेला सुई टोचली होती त्याच्या जरा वर. दुखलं. आईच्या मनात आधीच ठरलेलं होतं, की त्या ओसरीतून चालतानाच ठरलं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

आत्या बाकावरून उठली. "काय म्हणलं?"

मालननं पदर सारखा केला. खाली बघत म्हणाली, "न्हाई म्हणलं, वन्सं. पोरगी अशीच ऱ्हाणार."

"औषध?"

"न्हाई म्हणलं."

"कागुद बिगुद दिला असंल की."

"त्यांच्यातच ठिवून घेतला."

आत्या पुन्हा खाली बसली. तिनं गाठोडं सोडलं, भाकरीवर चटणी घातली, ती घडी करून हेमलताच्या हातात दिली, आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. मालनही रडायला लागली. दोघी नणंद-भावजया दवाखान्याच्या आवारात शेजारी शेजारी बसून रडत होत्या आणि येणारीजाणारी माणसं कुणीतरी गेलं असं समजून बाजूनं जात होती. हेमलता भाकरी खात होती. आईचं रडणं खोटं नव्हतं, एवढं तिला कळत होतं.

नुसतं थांबा म्हणाले असं सांगितलं असतं तर आत्या वर्षभर थांबली असती, आणि पुढच्या उन्हाळ्यात मांडव पडला असता. 'थांबा'ला त्या घरात तोड होती. 'नाही'ला नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी हेमलता शहाणी झाली. परड्यात भांडी घासत होती. आईला हाक मारली. मालननं बघितलं, घरात गेली, जुन्या लुगड्याच्या घड्या करून आणल्या, कशा घ्यायच्या ते दाखवलं. धुऊन वाळत टाकायच्या त्या दोरीवर लुगड्याखाली, कुणाला दिसू नयेत अशा. मग म्हणाली, "कुणाला सांगायचं न्हाई. आन् बसायचं बी न्हाई."

बसली की आळीभर कळणार होतं. हे हेमलताला समजलं. तिनं एवढंच विचारलं, "आन् देवाचं?"

"देवाला मी सांगते," आई म्हणाली.

काय सांगितलं ते देव जाणे. मालन शिवाशिवीची कडक बाई होती. मासिक पाळीतल्या बाईची सावली लोणच्यावर पडली तर बरणी ओतून द्यायची. तीच बाई आता विटाळशी लेकीला दिवा लावायला सांगत होती, कारण लावला नाही तर शेजारीण विचारणार होती, आज पोरगी का लांब लांब. ऋषिपंचमीला, या शिवाशिवीच्या दोषासाठी बायका उपास धरतात, बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. हेमलतानं तो धरायचा प्रश्न नव्हता. ज्या पोरीला पाळीच नाही तिला कसला दोष? मालननं त्या वर्षापासून त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेणं सोडलं. नाना निवृत्त होऊन आल्यावर एकदा चिडले, म्हणाले, बाकीच्या बाया भगर खात्यात, तुलाच काय एवढं पाप लागलंय? ती म्हणाली, दोघींचं धरते, माझं आन् माझ्या आईचं. नानांनी पुढं विचारलं नाही. बायकोचं बोलणं त्यांनी कधी तपासून घेतलं नव्हतं.

गावानं हेमलताला एका बाजूला काढलं. हळदीकुंकवाला बायका तिला पुडी द्यायच्या, ओटी भरताना मात्र पुढं सरकायच्या. ओढ्यावर कुणी खुजी म्हणायचं, कुणी बिचारी. पण शाळा सोड असं कुणी म्हटलं नाही. शिकू दे, दुसरं काय करणार ती, असंच जो तो म्हणाला. नाना रजेवर आले तेव्हा तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, शीक, पुस्तकं लागतील तेवढी आणू. त्यांनी खरंच आणली. जिथं जिथं बदली झाली तिथून आणली, काही हिंदी, काही तिला तेव्हा न झेपणारी इंग्रजी. ती सगळी तिनं वाचली. ज्या दयेवर ती शिकत होती ती दया खोट्यावर उभी आहे, हे घरात दोघींना माहीत होतं. ते मिरजेतच रचलं गेलं हे लेकीला ठाऊक नाही, असं आईला वाटत होतं. निदान हेमलताला तसं वाटायचं. पडद्याआडून मी सगळं ऐकलं होतं, हे ती आईला कधी म्हणाली नाही.

इकडं आत्या थांबली नाही. पुढच्याच वैशाखात संपतचं लग्न झालं, दुष्काळी भागातली अलका नावाची मुलगी केली. पंधरा-सोळा वर्षांची असेल. लग्नात हेमलता करवली होती. अलका तिच्या कानाशी लागून म्हणाली होती, तुमी पुस्तकं वाचता म्हणं, मला एखादी गोष्ट सांगा की. दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणात अलका गेली. मुलगी झाली ती वाचली. तिचं नाव साक्षी ठेवलं.

अलकाच्या मातीहून परत आल्यावर मालननं अंघोळ केली, चूल पेटवली, आणि तव्यावर भाकरी टाकत म्हणाली, "ती बी लहानखुरीच हुती."

एवढंच. त्यानंतर ती कुणाच्या लग्नाला गेली नाही. आमंत्रण आलं की टाळायची, डोकं दुखतंय म्हणायची. हेमलता रात्री पुस्तक वाचत पडली की कधी कधी येऊन दाराशी उभी राहायची, बघायची आणि जायची. काय तोलत होती ते तिचं तिला माहीत.

तेरावा झाला. जेवणं उठली, भाड्यानं आणलेली पातेली घासून दारात पालथी पडली, पाहुणे गेले. संपतही दुपारच्या गाडीनं गेला. आत्या मागं राहिली. संध्याकाळी सोप्यात ती भिंतीला टेकून बसली होती, साक्षी तिच्या मांडीवर झोपलेली. पोर आता पाच वर्षांची होती. तेरा दिवस ती हेमलताच्या पाठीपाठी होती, तिचंच बोट धरून ओढ्यावर गेली होती, तिच्याच ताटात जेवली होती. नाना खाटेवर बसले होते. रेडिओ बंदच होता.

आत्यानं आधी इकडचं तिकडचं काढलं. कोण आलं, कोण आलं नाही, कुणी लाडू घरी बांधून नेले. मग म्हणाली, माणूस गेल्यावर घरात कार्य करायचं तर वर्षाच्या आत करावं, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागतं. नानांनी मान हलवली. हेमलताच्या लक्षात आलं, यांचं बोलणं आधीच झालं आहे.

"संपतला लोक पोरी दावत्यात," आत्या म्हणाली. "पर मी थांबले. दुसरी आणली की तिला तिची हुत्याल, आन् ही पोर उंबऱ्याभायेर. मी किती दिस पुरणार? तुझं तसं न्हाई, हेमा. तुझ्या पोटाला काय यायचं न्हाई. म्हंजी हीच तुझी. तुलाबी पोर मिळंल, पोरीलाबी आई." तिनं झोपलेल्या साक्षीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "देवानं तवा न्हाई म्हणलं ते ह्याच्यासाठीच म्हणायचं. सासू म्हंशील तर मीच. खवट हाय, पर सवयीची हाय."

नाना हलके हसले. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. "माझा शब्द गेला हुता, आक्का," ते म्हणाले. "लय वर्सं खात हुता मला. तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं. आता त्यानंच फिरून जुळवून आणलंय म्हणायचं."

"वाचून वाचून डोळं गेलं हिचं," आत्या म्हणाली. "आता साक्षीला पाटी शिकीव. तेवढंच कामाला येईल."

त्यात कुठंही विखार नव्हता. हेमलता उंबऱ्याशी बसली होती. आईनं मिरजेहून आणलेलं उत्तर एवढी वर्षं तिच्या दारावर आडवं पडून होतं, कुणाला आत येऊ देत नव्हतं. आता तेच उत्तर हात धरून तिला आत्याच्या घरी घेऊन चाललं होतं. आणि ते परत घेणारं माणूस राहिलं नव्हतं.

ती गप्प बसली तर काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. माघ संपायच्या आत साखरपुडा. कऱ्हाडची एसटी बंद. आणि मग एके दिवशी, कवठे महांकाळजवळच्या त्या घरात, तिच्या पोटात मूल. सगळ्यांना चमत्कार वाटेल. अंग तेवढंच होतं, चौदाव्या वर्षी होतं त्याच्याहून चार बोटं उंच. डॉक्टरांनी वीस वर्षं म्हटली होती, वीस झाल्यावर काय हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि बोलली तर आई जाणार होती, पुन्हा एकदा. आळीत आजवर तिच्याबद्दल एक वावगा शब्द निघाला नव्हता. दहाव्याला लोक म्हणाले होते, देवमाणूस होती. नानांना कळणार होतं की ज्या बाईबरोबर तीस वर्षं काढली ती त्यांच्या तोंडावर खोटं बोलत राहिली, की त्यांचा शब्द देवानं नव्हे, तिनं मोडला. आणि आत्या हिशेब मांडणार होती. हेमा आली नाही म्हणून अलका आली, आणि जिवानिशी गेली. तो हिशेब चुकीचा आहे असं हेमलताला सांगता येणार नव्हतं. आईलाही तो चुकीचा वाटला नव्हता.

साक्षी झोपेत कुशीवर वळली. तिची मूठ आत्याच्या पदरात अडकली होती.

"बोल की," नाना म्हणाले. "नुस्तं व्हय म्हण. बाकीचं आमी बघतो."

"आत्या," हेमलता म्हणाली. पोर उठू नये म्हणून हळूच. "मिरजेच्या डॉक्टरांनी न्हाई म्हणलं नव्हतं."

आत्याचा हात थांबला.

"वर्षाच्या आत शहाणी होईल म्हणाले होते. मी पडद्याआड होते, मी ऐकलंय. आन् झाले. त्याच दिवाळीला. तवापासून दर महिन्याला सगळं ठीक हाय. आई तुमच्याशी खोटं बोलली. नाना, तुमच्याशीबी."

नाना उठायला गेले आणि खाटेच्या कडेवर तसेच अर्धवट टेकले. त्यांनी आत, स्वयंपाकघराकडं बघितलं, जणू मालनला विचारायचं होतं.

"कशापायी?" आत्या शेवटी म्हणाली. तिचा आवाज म्हाताऱ्या बाईचा झाला होता. "मी काय जाळली असती व्हय गं तुला?"

"न्हाई, आत्या. तुमी जीव लावला असता. तुमच्यावर माझा राग न्हाई, ह्या पोरीवर तर न्हाईच. पर पाळण्यात असल्यापास्नं मला कुणी विचारलं न्हाई. आईनंबी विचारलं न्हाई, तिला तसंच कळलं. मी कवा तिला म्हणलेबी न्हाई. आता म्हणते. मला तुमच्या घरात यायचं नव्हतं. तवाबी यायचं नव्हतं, आन् आताबी न्हाई."